उगवतीकडे फिरलेली परात

घोडेमाळावर रॉकेलचे चार डबे, दोन मण पीठ, गूळ आणि कांदे पोचवायचे होते. एवढ्या साध्या कामानं ही हकिकत सुरू होते. सन सेहेचाळीस, भाद्रपद महिना. घोडेमाळ म्हणजे मेढ्याच्या वर दोन तासांच्या चढावरचं उघडंबोडकं पठार. तिथं गुरंसुद्धा चरायला नेत नाहीत, कारण वारा त्यांना उभं राहू देत नाही. पण लढाईच्या शेवटी शेवटी लष्करानं तिथं एक लोखंडी मनोरा उभा केला, पायथ्याशी पत्र्याची खोली ठोकली, आणि त्या ठाण्याला शिधा पुरवायचं काम साताऱ्यात माझ्या दुकानाकडे आलं.

माझं शिक्षण तिसरीपर्यंत. पुढचं सगळं गादीवर बसून शिकलो. इंग्रजी साबणाच्या खोक्यांवरून, कानडी मिरजेकडच्या हळदवाल्यांकडून आणि माणसाचा स्वभाव त्यानं आणलेल्या पिशवीवरून. त्यामुळे नवं यंत्र दिसलं की ते काय आहे हे विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही. एकदा वाईत छापखान्याच्या यंत्रात वाकून बघताना माझी टोपी आत गेली होती आणि त्या दिवशीच्या पंचांगावर तिची किनार उमटली होती. असा माझा स्वभाव.

तर त्या मनोऱ्याच्या टोकाला एक भलीमोठी पत्र्याची तबकडी आवळलेली होती. सरकारी कागदात तिचं नाव काहीही असो, ठाण्यावरचे जवान तिला परात म्हणायचे. लग्नघरात शंभर माणसांची कणीक मळतात तेवढी परात, उभी करून खांबाला बसवलेली. अशीच दुसरी परात सांगलीच्या पलीकडच्या एका डोंगरावर होती. दोघी एकमेकींच्या नेमक्या समोर असल्या की तारेशिवाय इकडचा माणूस तिकडच्याशी बोले. एखादी बोटभर जरी सरकली तरी आवाज विरून जाई.

म्हणून रोज सकाळी आणि दुपारी चारला परात जुळवायची. एकजण वर चढून पान्यानं बोल्ट सैल करी आणि परात तसूतसूनं फिरवी. दुसरा खाली खोलीत, कानाला यंत्र लावून, समोरच्या काट्याकडे बघत बसे. सांगलीकडचा माणूस तोवर नुसते आकडे म्हणत राही, एक ते दहा, पुन्हा एक ते दहा. काटा जास्तीत जास्त उजवीकडे गेला की परात जुळली. वाऱ्यात हाक वर पोचत नाही म्हणून खिडकीतून मनोऱ्यावर दोरी नेलेली होती. एक हिसका म्हणजे फिरव. दोन म्हणजे मागं घे. तीन म्हणजे थांब आणि आवळ.

लढाई संपली, साहेबमंडळी गेली, आठाची दोन माणसं उरली. त्यातला मिरजेचा अनंत त्या आठवड्यात तापानं फणफणून खाली गेला होता. उरला नाईक सयाजी. कोरेगावकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, ब्रह्मदेशात लढून आलेला, गप्पिष्ट गडी. मी गेलो की पहिलं वाक्य ठरलेलं: "शेठ, यंदा गुळात खडं किती घातलं?"

त्या दिवशी त्यानं तसं काही विचारलं नाही.

मी पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले असतील. पण पठारावर दोन वाजल्याची काही खूण नव्हती. धुकं असं उतरलं होतं की खेचराचा लगाम हातात असून खेचर दिसत नव्हतं. खेचरवाला माल टाकून लगेच मागं फिरला. सगळीकडे ओल्या लोखंडाचा वास. वर कुठेतरी परातीवर वारा घासत होता, आणि तो आवाज रिकाम्या भांड्यात फुंकर मारल्यासारखा, लांब, बारीक, न थांबणारा.

सयाजीनं चहा केला. स्वतः घेतला नाही.

"शेठ, काटा वाचाया येतो का तुमाला?"

"अरे, माझा जन्म काट्याकडं बघण्यात गेला. पारड्यात तांदळाचा एक दाणा जास्त पडला तरी मला कळतं."

"मग आज चार वाजता खाली बसता? एकटा वर-खाली करून तीन दिस झालं. जमंना."

"बसतो की. त्यात काय मोठंसं?"

तो हसला नाही. दाराला आतून कडी घातली. त्या माळावर कडी कुणासाठी, हे मला कळेना.

"बसा. पर एक सांगतो. काय बी ऐकू आलं तरी बोलायचं न्हाई. भाऊसोशी बोला. दुसऱ्या कुनाशी न्हाई."

भाऊसो म्हणजे सांगलीकडच्या ठाण्यावरचा माणूस. "दुसरं कोण असणार तिथं?" मी विचारलं.

सयाजी माझ्यासमोर उकिडवा बसला आणि खालच्या आवाजात बोलू लागला.

"रोज बोल्ट आवळतो. रोज गेरूनं खूण करतो. सकाळी बघावं तर परात चार बोटं उगवतीकडं फिरल्याली."

"वाऱ्यानं फिरत असेल."

"वारा बोल्ट सैल करून परत आवळत न्हाई, शेठ."

 तो पुढं म्हणाला, "उगवतीकडं काय हाय? डोंगरामागं डोंगर. एक बी ठाणं न्हाई. पर परात तिकडं फिरली की काटा सांगलीपेक्षा बी वर जातो. आन् कानात... आमची टोळी गिनती करती."

त्याची पलटणीतली टोळी मला ऐकून माहीत होती, कारण त्यानं तिच्या गमती कितीदा सांगितल्या होत्या. सगळी सातारा-सांगलीकडचीच पोरं. पण शेवट त्यानं कधी सांगितला नव्हता. तो त्या दिवशी सांगितला. ब्रह्मदेशात एका नदीच्या काठावर पहाटे सत्तावीस जणांची रांग लागली. गिनती झाली. एक, दोन, तीन, ज्याचा त्यानं आपला आकडा बोलायचा. सयाजी शेवटचा, सत्तावीस. तराफ्यावर चढणार तेवढ्यात सुभेदार म्हणाले, बिनतारीची बॅटरी मागं राहिली, पळ. तो पळाला. बॅटरी घेऊन परत आला तेव्हा तराफा मधोमध होता. मग नव्हता.

"सव्वीस जण आन् वर सुभेदार, शेठ. एक बी वर आला न्हाई."

"आणि आता ते..."

"सव्वीसपतुर म्हनत्यात. मग गप. माझी वाट बघत्यात. मग परत एकापास्नं." त्यानं आपल्याच तोंडावर हात ठेवला. "नऊ वर्सं पलटणीत काढली. गिनती कानावर आली की आकडा आपसुक भाईर पडतो, डोळा मिटतो तसा. काल जीभ चावली म्हनून वाचलो. ही बघा."

त्यानं जीभ दाखवली. तिला खरोखरच दोन दातांची काळी खूण होती.

"आकडा गेला तोंडातून, तर काय होईल?"

"गिनती पुरी झाली की काय व्हतं? चला म्हनत्यात."

मी व्यवहारी माणूस. म्हटलं, "मग जुळवू नकोस परात. राहू दे बंद."

"आठ दिसांनी मी सुटतो. कायमचा. ठाणं गप राहिलं तर चौकशी, कागद अडकत्यात, आन् मला हितंच ठेवत्यात. आठ दिस निभवायचं हाय, शेठ. घरी आई हाय. लगीन ठरलंय."

खरं सांगतो, माझा तेव्हा विश्वास बसला नाही. एकटा माणूस, माळ, वारा. डोकं फिरायला आणखी काय लागतं? मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणालो, "गड्या, गप्प बसण्यावरच मी दुकान चालवलंय. तू बिनघोर वर जा."

चार वाजता त्यानं विजेचं इंजिन सुरू केलं. माझ्या कानांवर ती काळी जोडी चढवली, हातात बोलायचं भोंगं दिलं. त्याला खटका होता. दाबला की आपला आवाज जाई. दोरीचं टोक माझ्या डाव्या मनगटाला गुंडाळलं आणि तो दार उघडून बाहेर पडला. दोन पावलांत धुक्यानं त्याला पुसून टाकलं. शिडीवर त्याच्या बुटांचे ठोके वर वर गेले आणि थांबले.

मी खटका दाबून म्हणालो, "भाऊसो, मी दुकानदार बोलतोय. मोजा."

खरखरीतून, कुठूनतरी फार खालून, खोकला आला. मग आकडे. एक... दोन... तीन. भाऊसोचा सांगली वळणाचा, पानानं जड झालेला आवाज. काटा जेमतेम हलत होता. मी दोरीला एक हिसका दिला. वर लोखंड कुरकुरलं. आवाज किंचित विरला. चुकीची बाजू. दोन हिसके दिले. परात मागं आली, आवाज भरला, काटा मध्यापर्यंत चढला. मला मजा वाटू लागली. हे तर तराजूसारखंच की! अजून थोडं, अजून थोडं... तीन हिसके द्यायच्या बेतात होतो.

तेवढ्यात परात फिरली.

मी दोरी हलवली नव्हती. मनगटाजवळ ती सैल पडून होती. पण वर लोखंड कुरकुरलं, सावकाश, एका लयीत, जणू कुणी दोन्ही हातांनी जड दार ढकलतंय. भाऊसोचा आवाज पातळ झाला. सात... आठ... आणि गेला. मी तीन हिसके दिले. पुन्हा तीन. कुरकुर थांबेना. काटा खाली पडून शून्याला टेकला, आणि मग हळूहळू, कुणी बोटानं उचलावा तसा वर चढू लागला. मध्याच्या पलीकडे. भाऊसोच्या पलीकडे. पार शेवटच्या रेघेवर जाऊन थरथरत उभा राहिला.

खरखर बंद झाली. इतकी शांतता मी त्याआधी ऐकली नव्हती. त्या शांततेत पाण्याचा आवाज होता. मोठं, रुंद पाणी, काठाला हलकेच लागणारं.

"एक."

तरणा, खणखणीत आवाज. कानाच्या अगदी जवळ.

"दोन." हा दुसरा, घोगरा. "तीन." हा जावळीकडचा, आमच्या दुकानी येणारे लोक असंच शेवट लांबवतात. "चार." "पाच." प्रत्येक आकड्याला निराळा माणूस, निराळा श्वास. मी गोठून बसलो. उठायचं होतं, कानावरून ते काढायचं होतं; पण खरं सांगायचं तर भीतीपेक्षा लक्ष जास्त लागलं होतं. बारा... तेरा... एकाला बोलताना ठसका लागला, जणू तोंडात पाणी गेलं. एकोणीस... वीस... घाई नाही, चूक नाही.

"पंचवीस."

"सव्वीस."

आणि गप्प.

आता माझी चूक सांगतो. ही चूक शिपायाची नव्हे, आमच्या धंद्याची. भुसाराच्या दुकानात माप घालणारा मोठ्यानं मोजतो. पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. मग दोन, तीन, असं पुढं. मोजता मोजता तो अडखळला, शिंकला, कुणी हाक मारली म्हणून थांबला, तर समोर बसलेल्यानं पुढचा आकडा ताबडतोब म्हणायचा. नाहीतर मोजणी बुडाली, सगळं पोतं पुन्हा ओतायचं. बारा वर्षांचा असल्यापासून मी वडिलांच्या समोर बसून हेच केलंय. तुटलेली मोजणी माझ्या कानाला सहनच होत नाही.

माझा अंगठा खटक्यावर होता. आणि मी म्हणालो,

"सत्तावीस."

बोललो, आणि अंगठा खटक्यावरून काढला.

 पलीकडे बऱ्याच माणसांनी एकदम श्वास सोडावा तसा आवाज झाला. समाधानाचा. मग पाण्याचा आवाज थांबला. आणि एकजण, वयस्कर, अधिकारी असावा असा, माझ्या उजव्या खांद्याशी उभा राहून विचारावं तसं म्हणाला,

"सत्तावीस. नाव?"

मी ती जोडी कानावरून ओरबाडून फेकली. ती टेबलावर पडली. तरी तिच्यातून तो आवाज येतच राहिला. बारीक झाला, पण शब्द स्वच्छ. "नाव?" थोडं थांबून, चढ्या आवाजात नाही, अगदी सबुरीनं, "नाव?"

दार धाडकन उघडलं. सयाजी. शिडी त्यानं कशी उतरली देव जाणे, दोन्ही तळहात सोलले होते. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. सरळ गेला आणि इंजिनाची तार उपटली. इंजिन दोन आचके देऊन बंद पडलं. खोलीत काळोख नव्हता, पांढरं धुकं होतं, आणि त्या पांढऱ्यात काटा दिसत होता. वीज गेली होती. काटा शेवटच्या रेघेवर तसाच उभा.

"माझा आकडा परातीतनं ऐकू आला," सयाजी म्हणाला.  "तुमच्या आवाजात... शेठ, नाव सांगितलं का?"

"नाही."

"नक्की?"

"नाही रे बाबा, नाही सांगितलं!"

"सांगू नका. कवाच सांगू नका." तो मटकन खाली बसला आणि रडू लागला. मोठा माणूस रडताना बघवत नाही. मला तेव्हा कळलं नाही की तो भीतीनं रडत नव्हता. त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं होतं, आणि ते कुणाच्या छातीवर गेलं हे त्याला माहीत होतं.

आम्ही तसेच खाली निघालो. वाटेत त्यानं बजावलं, "मला हाक मारू नका. मी बी तुमाला हाक मारनार न्हाई." दोन तास मुकाट्यानं, एकमेकांचा सदरा धरून, आम्ही मेढ्याला उतरलो. चौकशी झाली, पण सयाजीला ताप भरलेला होता म्हणून प्रकरण तिथंच मिटलं. पुढं महिन्याभरात मनोराच उतरवला. सयाजीचं लग्न झालं, मी आहेर घेऊन गेलो होतो. त्याची आई दगडाबाई माझ्या पाया पडायला आली, त्यानं तिला काही सांगितलं होतं की काय कोण जाणे. सयाजीनं मात्र माझ्या नजरेला नजर दिली नाही. अजून देत नाही.

तेव्हापासून तीन वर्षं मी नाव सांभाळतोय. दुकानावर आजोबांच्या नावाची पाटी होतीच; तिच्याखाली माझं नाव लावायचा बेत सोडून दिला. पेठेत सगळ्यांना सांगितलं, मला शेठ म्हणा. अनोळखी माणसाला माझं नाव सांगू नका. मी कारण दिलं नाही, म्हणून लोकांनी आपलं आपण काढलं. साखर कंट्रोलची, धान्य रेशनवर, तेव्हा शेठ इन्स्पेक्टरला चुकवतोय, असं सगळे धरून चालले. मीही हसून सोडून दिलं. घरात तर प्रश्नच नव्हता. नवऱ्याचं नाव न घेण्याच्या रिवाजाचा मला इतका उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. हळदीकुंकवाला नाव घ्यायची वेळ आली की आमची मंडळी म्हणते, माझं डोकं दुखतंय.

काल मी सांगलीला हळदीच्या सौद्याला गेलो होतो. संध्याकाळी परत आलो. माझा गुमास्ता आकाराम, वीस वर्षं दुकानात असलेला, विश्वासाचा माणूस, खूश दिसला.

"शेठ, दुपारी मिल्ट्रीतले एक सुभेदार आलते. लय अदबीचा मानूस. दुकानदाराचं नाव काय म्हनून इचारलं."

मी पायरीवरच थांबलो. "मग?"

"आधी मला वाटलं रेशनिंगवाला हाय का काय. पर वर्दी मिल्ट्रीची व्हती, खाकी. मग म्हनलं ह्यांच्यापास्नं काय लपवायचं? सांगितलं. वडलांचं, आडनाव, समदं. त्यांनी लिवून घेतलं."

 "एकटेच होते?"

"न्हाई की. बाकीची भाईर उनात रांग धरून उभी व्हती. कापडं वली व्हती समद्यांची, माहुलीला नदीवर आंघुळीला गेली आसतील. लय शिस्तीची पोरं, शेठ. एक बी हालत नव्हता. निस्ता त्यो शेवटचा..."

"काय शेवटचा?"

 आकारामनं आपला उजवा हात बाजूला सरळ ताठ केला, कवायतीत शेजाऱ्याच्या खांद्याला टेकवून रांग नीट करतात तसा.

"असा हात धरून उभा व्हता. त्याच्या बाजूला कुनीच नव्हतं. मी म्हनलं, ह्यो हात कुनासाठनं? आन् शेठ, एवढा उंच गडी त्यो, पर हात वर नव्हता..."

त्यानं हात हळूहळू खाली आणला आणि नेमका माझ्या खांद्याच्या उंचीवर थांबवला.